सागवानी फर्निचरला वार्निश कुठलं घ्यायचं? पुण्यातल्या राहत्या घरात वापरून बघितलेल्या फिनिशचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. फर्निचर सागवानी आहे, घरातच ठेवून ब्रशने करायचंय आणि करताना माणसं त्याच घरात राहणारेत, तर एका डब्यातलं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन वार्निश घ्या, मॅट. एशियन पेंट्सचं वुडटेक टचवूड पुण्यात जवळपास कुठल्याही पेंटच्या दुकानात मिळतं, मी सगळ्यात जास्त तेच वापरलंय आणि खूश आहे. पण लाकूड जुनं असेल, त्यावर आजोबांच्या काळचं पॉलिश अजून टिकून असेल, तर त्यावर पीयू मारायचं नाही, तिथे लाखेचं फ्रेंच पॉलिशच. आणि मेलामाइन, म्हणजे ते झटपट वाळणारं काचेसारखं चकाकणारं फिनिश, जे बरेचसे पॉलिशवाले सगळ्यात आधी सुचवतात, ते राहत्या घरात मी करून घेणार नाही. आता कारणं.

आमचा पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला गेला तेव्हा सामानाची वाटणी झाली आणि आमच्याकडे एक सागवानी पलंग, शिसवी देव्हारा, झोपाळा आणि थोड्या जुन्या तुळया आल्या. तुळया भवानी पेठेत टिंबर मार्केटला चिरून घेतल्या, सुताराने त्याचं सहा बाय तीनचं जेवणाचं टेबल केलं. हे सगळं कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आणल्यावर प्रश्न आला की पॉलिश काय करायचं, आणि तेव्हा लक्षात आलं की सगळ्याला एकच डबा चालणार नाही. देव्हाऱ्यात समई असते, टेबलावर कुकर येतो आणि हळद सांडते, पलंगाला कुणी हातही लावत नाही, झोपाळा गॅलरीत उन्हात. दुकानात मात्र पहिला प्रश्न एवढाच विचारतात, ग्लॉसी का मॅट.

माझं मत असं की वार्निश निवडताना एकच गोष्ट आधी बघावी, ते खराब झाल्यावर घरच्या घरी नीट करता येतं का. चमक सगळ्यांनाच येते, पहिल्या दिवशी सगळंच सुंदर दिसतं. पण वापरातल्या फर्निचरला ओरखडा येणार, पाण्याचा डाग पडणार, हे नक्की असतं, आणि तेव्हा फक्त तेवढाच भाग दुरुस्त होणार का सगळं तासून परत करावं लागणार यावर पुढची वीस वर्षं ठरतात.

फ्रेंच पॉलिशपासून सुरू करते कारण ते मला मनापासून आवडतं. हे पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, बाकी फार काही नाही. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर जे आवरण करतो तेच साफ करून, वितळवून पातळ पापुद्रे करतात, त्याला बाजारात चपडा म्हणतात. औषधाच्या गोळ्यांवर आणि काही चॉकलेटवर जी चकाकी असते तीही याच लाखेची. आमच्याकडे जे पॉलिशवाले काका येतात ते चपडा रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत ठेवतात, सकाळी कापडाने गाळतात, आणि मग कापसाचा बोळा मऊ जुन्या सुती कापडात बांधून त्याने काम करतात, ब्रश नाही. बोळा आधी गोल गोल, मग आठाच्या आकड्यासारखा, आणि शेवटी लाकडाच्या रेषेतून सरळ, आणि लाकडावर असताना तो कधीही थांबवायचा नाही, थांबला की तिथे खालचा थर उचलला जातो. बोळा चिकटू नये म्हणून मध्येच तेलाचा एखादा थेंब. काही कारागीर कडकपणा यावा म्हणून लाखेत चंद्रस नावाची राळही घालतात. एकावर एक इतके पातळ थर बसतात की लाकूड आतून उजळल्यासारखं दिसतं, ही खोली कुठल्याही प्लॅस्टिकसारख्या थराला येत नाही असं मला ठामपणे वाटतं. शिसवीवर तर बघतच राहावं.

आणि दुरुस्ती एकदम सोपी. लाख कितीही जुनी झाली तरी स्पिरिटमध्ये परत विरघळते, त्यामुळे नवा थर जुन्यात मिसळून जातो, जोड दिसत नाही. ओल्या पेल्याचं पांढरं वर्तुळ उठलं तर स्पिरिटने अगदी जेमतेम ओलसर केलेलं कापड हलक्या हाताने फिरवलं की बऱ्याचदा जातं, कारण तो पांढरेपणा म्हणजे वरच्या थरात अडकलेली ओल असते. पण याचीच दुसरी बाजू म्हणजे सॅनिटायझर, परफ्यूम, अमोनिया असलेले क्लीनर यांनी ते लगेच खराब होतं, आणि गरम भांडं सहन होत नाही, लाख मऊ पडते. म्हणून जेवणाच्या टेबलाला फ्रेंच पॉलिश करू नका. आमच्या देव्हाऱ्याला तेच केलंय, पण समई आणि निरांजन जिथे असतं तिथे पितळी ताट ठेवतो, आरतीचा कापूर देव्हाऱ्याच्या बाहेर. अजून एक, तयार बाटलीतलं पॉलिश घेत असाल तर किती जुनं आहे ते विचारा, लाख विरघळवून फार दिवस ठेवली की नीट वाळत नाही, चिकट राहते. चपडा घेऊन लागेल तेवढाच भिजवणं सगळ्यात चांगलं.

जुन्या फर्निचरवर आधीचं फिनिश कुठलं आहे हे ओळखायची सोपी पद्धत काकांनीच दाखवली. मागच्या किंवा खालच्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे स्पिरिटचा एक थेंब टाकायचा. चिकट झालं तर लाख. नाही झालं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा थेंब, त्याने विरघळलं तर एनसी लॅकर. दोन्हीला दाद दिली नाही तर मेलामाइन नाहीतर पीयू. हे न बघता वर काहीही मारू नका, आणि वाड्यातून आलेल्या वस्तूला तर अजिबात नाही.

वाड्याचा विषय निघालाय तर एक महत्त्वाचं. जुन्या दारांवर, खिडक्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर असतात आणि लोक ते खरवडून आतलं सागवान काढतात. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत शिसं भरपूर असू शकतं. असा रंग मशीनने कोरडा घासायचा नाही, ती धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. पेंट रिमूव्हर लावून मऊ करून पत्र्याने काढा, ओलंच ठेवा, मुलं तेवढे दिवस दुसरीकडे पाठवा. हे खरंच गंभीरपणे घ्या.

आता टचवूड आणि त्या प्रकारातलं बाकीचं. हे तेलाधारित पीयू, हार्डनर (वार्निश कडक करणारं वेगळं द्रव्य) वगैरे मिसळायचं नसतं, डबा उघडा, नीट ढवळा, ब्रशने लावा. हवेतल्या ऑक्सिजनने ते हळूहळू कडक होतं म्हणून वाळायला वेळ लागतो, एका हातानंतर दुसऱ्या हाताला मी पूर्ण रात्र जाऊ देते. वरून वाळलं तरी आतून पूर्ण कडक व्हायला आठवडे लागतात, तोपर्यंत त्यावर जड वस्तू, प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ काही टाकू नका, चिकटतो. रंग किंचित मधासारखा पिवळसर येतो, सागवानावर तो फार छान दिसतो पण पाइन, रबरवूड, पांढरट व्हिनियर (प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) असेल तर पिवळं दिसेल आणि कालांतराने अजून गडद होईल. वास येतो पण खिडक्या उघड्या ठेवल्या की काही दिवसांत कमी होतो.

मॅट घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, मॅटपणा येतो तो त्यात घातलेल्या बारीक सिलिका पावडरीमुळे आणि ती तळाशी बसते. डबा न ढवळता वरवरचं वापरलं तर टेबलाचा अर्धा भाग चमकणार आणि अर्धा नाही. तळापासून काठीने सावकाश ढवळायचं, डबा हलवायचा नाही कारण बुडबुडे येतात आणि ते वाळताना तसेच राहतात. आणि मॅटचे तीन-चार हात एकावर एक मारले की लाकडाच्या रेषा धुरकट दिसतात, म्हणून खालचे हात ग्लॉसीचे आणि फक्त शेवटचा मॅटचा. दुकानदार हे सांगत नाहीत.

टेबलावर आमच्याकडे हेच आहे. वरण, आमटी, चहा सगळं सांडतं, पुसलं की झालं. हळदीचा डाग मॅटवर जास्त धरतो, पण तो उन्हाने फिका होत जातो, खिडकीजवळ टेबल असेल तर घाबरू नका, घासू तर अजिबात नका. कुकर थेट ठेवायचा नाही, खाली स्टँड हवाच. ओरखडा आला तर तेवढा भाग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका घासून पातळ हात मारता येतो. लाखेसारखा हा थर खालच्यात मिसळून जात नाही, नीट बघितलं तर कडा जाणवते, पण घरच्या माणसाला जमतं, आणि हाच माझा मुख्य मुद्दा आहे.

मेलामाइनबद्दल स्पष्ट लिहिते. पॉलिशवाले ते सुचवतात याचं कारण समजण्यासारखं आहे, झटपट वाळतं, एका दिवसात सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा खालचा हात) आणि वरचे हात होतात, पीयूपेक्षा स्वस्त पडतं, चमक काचेसारखी. त्यांचीही मजुरी दिवसावर असते. पण हे ॲसिड हार्डनर घालून कडक होणारं फिनिश आहे आणि कडक होताना त्यातून फॉर्माल्डिहाइड हा वायू बाहेर पडतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो तो त्याचाच वास, आणि नवीन इंटिरियर केलेल्या फ्लॅटमध्ये तो पुढे बरेच दिवस कपाटं उघडली की येत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. वर्कशॉपमध्ये मारून, पूर्ण वाळवून, वास गेल्यावर घरी आणलं तर गोष्ट वेगळी, पण शेजारच्या खोलीत आजी झोपल्यात, बाळ आहे आणि हॉलमध्ये मेलामाइन चाललंय हे मला पटत नाही. शिवाय लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घातला किंवा थर जाड झाला की काही महिन्यांनी त्याला बारीक तडे जातात, आणि मग मधलाच भाग दुरुस्त करणं घरी जमत नाही. आमच्या नात्यात एका घरी अख्खं कपाट असं तडकलं, पूर्ण घासून परत करावं लागलं. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, मोजून घालायला लावा, अंदाजे नाही.

दोन डब्यांतलं पीयू, म्हणजे बेस आणि हार्डनर वेगळे, हे मजबुतीत सगळ्यांच्या वर आहे यात शंका नाही. आयसीए आणि सिर्का ही मूळची इटालियन नावं या कामात जास्त ऐकू येतात, एशियनचंही आहे, शीनलॅकचंही. उष्णता, पाणी, रसायनं सगळ्याला चांगलं टिकतं, फिनिश एकदम गुळगुळीत. किंमतही तशीच, आणि ते खरं खुलतं स्प्रेने. एकदा मिसळलं की काही तासांत वापरून संपवायचं, उरलेलं डब्यातच घट्ट होतं. पण यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं आणि स्प्रे करताना त्याचे कण श्वासात गेले तर कायमचा दमा लागू शकतो, एकदा त्याची ॲलर्जी झाली की नंतर अगदी थोड्याशानेही त्रास होतो. मी साइटवर बघितलंय की पोरं तोंडाला रुमाल बांधून स्प्रे करतात. रुमालाने काहीही अडत नाही, साध्या धुळीच्या मास्कनेही नाही, निदान ऑरगॅनिक व्हेपर (रसायनांची वाफ अडवणाऱ्या) कार्ट्रिजवाला मास्क तरी लागतो. तुमच्या घरी काम चालू असेल तर तो मास्क तुम्ही विकत आणून द्या, कामगार मागणार नाही, पण आपल्या फर्निचरसाठी त्याची फुप्फुसं जाऊ नयेत. माझा सल्ला, नवीन फर्निचर करवून घेत असाल तर दोन डब्यांचं पीयू सुताराच्या वर्कशॉपमध्येच मारून घ्या आणि मगच वर आणा. धुळीचा त्रास नाही, घरात वास नाही, टेबलासाठी तर पहिला पर्याय हाच ठेवा.

पाण्याचं पीयू, उदाहरणार्थ एशियनचं ॲक्वाडूर, लहान मुलांच्या खोलीसाठी चांगलं, वास फारच कमी, पटकन वाळतं, पिवळं पडत नाही. सागवानावर मला ते जरा फिकं, थंड वाटतं, ही आवड झाली. पहिल्या हाताला लाकडाचे तंतू उभे राहतात, त्यामुळे आधी ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, ३२० ने घासून घ्या, मग तंतू कमी उठतात.

जवसाचं तेल लावणारेही आहेत, दिसायला सुंदर, पण संरक्षण कमी आणि दरवर्षी लावावं लागतं. एकच सांगते, तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, ती वाळताना आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

आता खरं काम, जे वार्निशच्या आधी असतं. १२०, मग १८०, मग २२० चा पॉलिश पेपर, कायम लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आडवं घासलं की ओरखडे वार्निशखाली उठून दिसतात. एखादा नंबर गाळायचा नाही. खिळ्यांची भोकं त्याच लाकडाच्या भुशाच्या किंवा रंग जुळवलेल्या लांबीने (पुट्टीने) भरा, जुन्या तुळयांत ती भरपूर असतात. सागवानात स्वतःचं तेल असतं, तेलाधारित वार्निश त्यामुळे कधीकधी वाळतच नाही, म्हणून पहिल्या हाताआधी थिनरने ओल्या केलेल्या फडक्याने पुसायचं आणि थिनर उडून गेल्यावर लगेच हात मारायचा. पहिला हात डब्यावर सांगितलेल्या थिनरने पातळ करून, तो आत मुरायला हवा. प्रत्येक दोन हातांमध्ये ३२० ने हलकं घासणं आणि धूळ पुसणं. एका लिटरमध्ये एक हात साधारण दहा-बारा चौरस मीटर जातो, म्हणजे सहा बाय तीनच्या टेबलाला पायांसकट तीन हातांना एक लिटर पुरतो. मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, उघडलेल्या डब्यावर साय धरते.

खरेदीला मी रविवार पेठेत बोहरी आळीत जाते, सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. पॉलिश पेपर, ब्रश, चपडा, लाकडाला रंगछटा देणारं स्टेनर सगळं तिथल्या तिथे मिळतं आणि जुने दुकानदार विचारलं तर नीट माहिती देतात. फक्त थिनर सुटं बाटलीत भरून घेऊ नका, मी एका ठिकाणी घेतलं होतं तर त्याने वार्निश फाटलं, गुठळ्या झाल्या. सीलबंद, ज्या कंपनीचं वार्निश त्याच कंपनीचं. डब्यावरची तारीख बघा. ब्रशला पैसे टाका, स्वस्त ब्रशचे केस गळून थरात अडकतात.

पुण्याच्या हवेचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. दमट हवेत लाख आणि एनसी लॅकरवर पांढरे ढग येतात, पीयूचा हार्डनर हवेतल्या ओलीशी रिॲक्शन करून बुडबुडे काढतो, आणि तेलाचं वार्निश दिवसेंदिवस चिकट राहतं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी सगळ्यात छान, फक्त डिसेंबर-जानेवारीत सकाळी गारठा असतो तर अकरा वाजेपर्यंत थांबा. एप्रिल-मे मध्ये दुपारी मारलं तर थिनर इतकं भरकन उडतं की ब्रशच्या रेघा तशाच राहतात, तेव्हा सकाळी लवकर आटपा आणि पंखा बंद ठेवा, धूळ बसते.

राहिला गॅलरीतला झोपाळा. तिथे आतलं वार्निश चालत नाही, डब्यावर एक्स्टिरियर लिहिलेलं घ्या, त्यात ऊन अडवणारे घटक असतात आणि थर जरा लवचिक राहतो. तरीही पश्चिमेचं ऊन थेट येत असेल तर कुठलंही पारदर्शक वार्निश पाच-सात वर्षं टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका, दुकानदार काहीही म्हणू देत, ऊन आरपार जाऊन खालचं लाकूडच करडं करतं आणि मग वरचा थर पापुद्रे होऊन सुटतो. पापुद्रे सुटायच्या आधीच, चमक कमी झाली की ३२० ने घासून एक हात मारायचा, म्हणजे तासायची वेळ येत नाही. आम्ही ते मे महिन्यात पहाटे करतो, कड्या आणि पितळी साखळ्या काढून, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत झोपाळा परत टांगलेला असतो.